शेंडीचा शेवटचा धडा

मास्तर हे नाव त्यांना मानानं मिळालं होतं की चेष्टेनं, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. शिकवलं त्यांनी आयुष्यभर, पण कुत्र्यांना. दृष्टी गेलेल्या माणसांना रस्त्यानं नेणारी कुत्री तयार करणारी एक संस्था होती. शहराच्या कडेला लांबलचक बैठी इमारत, मागे मैदान, आणि मैदानात खोटे फूटपाथ, खोटे खांब, कुठंच न जाणारा एक जिना. त्या जिन्यावर मास्तर जितके चढले-उतरले तितकं सरळ चालले असते तर एव्हाना दुसऱ्या देशात पोचले असते, असं त्यांची ताई म्हणायची. "आणि तिथंही कुत्र्यालाच विचारलं असतंस, चहा कुठं मिळतो म्हणून."

ताईचं चुकत नव्हतं. माणसांशी बोलायची वेळ आली की मास्तरांची जीभ अडायची. कुत्र्यांचं बरं होतं. कमरेला खाऊची पिशवी आणि मुठीत टिकटिकी असली की काम भागायचं. टिकटिकी म्हणजे पत्र्याची पट्टी बसवलेली चिमुकली डबी, दाबली की टिक् वाजते. कुत्र्याला आधी त्या आवाजाशी काही घेणंदेणं नसतं. पण टिक् वाजलं की लगेच तोंडात खाऊ, असं चार दिवस केलं की नुसत्या टिक्‌नंच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मग पुढचं सोपं. फूटपाथच्या कडेला कुत्रं चुकून थांबलं, टिक्. पुन्हा थांबलं, टिक्. थांबण्यात आपला फायदा आहे हे त्याला कळतं आणि ते आपणहून थांबायला लागतं. मारायचं नाही, ओरडायचं नाही. नको ते केलं तर फक्त काहीच द्यायचं नाही; ना खाऊ, ना शब्द, ना नजर. ज्या वागण्याच्या पदरी काही पडत नाही ते हळूहळू मरून जातं, असं मास्तर नव्या शिकाऊ लोकांना सांगत. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून काय काय असंच मरून गेलं होतं, त्याची चौकशी शिकाऊंनी कधी केली नाही.

लग्न एकदा जमता जमता मोडलं, पुन्हा कुणी जमवलं नाही. दोन खोल्यांचं घर होतं. एका खुर्चीवर बसायचं, दुसरीवर कपडे. संध्याकाळी दार उघडलं की आतून काहीच आवाज यायचा नाही, आणि इतक्या वर्षांनंतरही मास्तर क्षणभर उंबऱ्यात थांबून तो यायची वाट बघायचे. रविवारी ताईचा फोन यायचा. कधी यायचा, कधी नाही. नक्की येईल असं असतं तर मास्तरांनी एवढी वाट बघितली नसती आणि कधीच येत नसता तरी बघितली नसती. कधीमधी मिळणाऱ्या गोष्टीची ओढ सगळ्यांत चिवट असते, हे ते कुत्र्यांच्या बाबतीत चांगलं ओळखून होते.

शेंडी ही एका मोठ्या वेतातली सगळ्यांत शेवटची, म्हणून शेंडेफळ, आणि हाका मारायला सोपं म्हणून शेंडी. मातकट रंग, एक कान उभा, दुसरा पडलेला. वर्गात मन लावून बसणाऱ्या पोरीसारखी मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसायची. मास्तरांनी तिच्याआधी पुष्कळ कुत्री शिकवून दुसऱ्यांच्या हाती दिली होती आणि दरवेळी हात झटकून पुढचं घेतलं होतं. या वेळी काय बिनसलं कोण जाणे. ही जायची, हे त्यांना सहन होईना.

संस्थेचा एक नियम होता. परीक्षेत नापास झालेलं कुत्रं पाळायला घरी न्यायचा पहिला हक्क ज्यानं शिकवलं त्याचा. मास्तरांनी आजवर तो कधी वापरला नव्हता. "घरात जागा कुठाय," म्हणायचे. आता एका रविवारी त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून कपाटात ठेवले आणि खिडकीखालचा कोपरा झाडून काढला. का झाडला, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

पण शेंडी नापास होण्यातली नव्हती. मास्तर डोळ्यांवर पट्टी बांधून तिच्याबरोबर भर बाजारातून चालले, जिथली कड न कड त्यांच्या पायांना पाठ होती; ती एकदाही चुकली नाही. प्रत्येक कडेला थांबली. संस्थेच्या प्रमुख मॅडम वयानं मास्तरांपेक्षा बऱ्याच लहान, पण कामात एकदम कडक. त्या म्हणाल्या, "मास्तर, ही तुमची सगळ्यांत चांगली." मास्तर म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार.

शेंडी ज्यांना मिळणार होती ते घड्याळवाले. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेली आणि मग आजारपणात दोन्ही डोळे गेले. बायको आधीच गेलेली, मुलगी लांबच्या शहरात. माणूस बोलका, थोडा चिडका. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो." आणि त्याच दिवशी संध्याकाळी शेंडीचा पडलेला कान बोटांनी चाचपत विचारत होते, "याचं काय झालं हो? स्प्रिंग गेली का?"

काही आठवडे तिघं मिळून फिरले. पुढे पट्ट्याचा दांडा धरून घड्याळवाले, त्यांच्या डाव्या हाताला शेंडी, एक पाऊल मागे मास्तर. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पहिल्यांदा मास्तरांनी मागे चालायचं नाही, रस्त्यापलीकडून बघायचं, असं ठरलं. आणि त्या दिवशी शेंडी कडेला थांबलीच नाही. सरळ खाली उतरली, घड्याळवाले तिच्यामागून धडपडत गेले, आणि समोरून येणारी मालाची गाडी करकचून ब्रेक लावून त्यांच्या गुडघ्यांशी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून आईबहिणींचा उद्धार केला. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण धावत रस्ता ओलांडताना त्या भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट त्यांना स्पष्ट जाणवली, आणि तिची त्यांना तिथल्या तिथं लाज वाटली. त्यांना आनंद झाला होता.

मॅडमनी फार ताणलं नाही. "आणखी एक संधी देऊ, महिन्याभरानं. तेव्हाही असंच झालं तर बाद. आणि मग तुम्हाला हवी असेल तर..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. नजर कोपऱ्यात बसलेल्या शेंडीकडे होती, आणि शेंडीची मास्तरांकडे.

आता मास्तरांना काही करायचं नव्हतं. खरंच, काहीही नाही. महिना जाऊ द्यायचा की शेंडी घरी. पण हाडाचा शिकवणारा माणूस. जमलेलं एकाएकी का बिघडलं, हे त्यांना कळेना आणि ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच शेंडीला घेऊन निघाले. पहिल्या कडेला थांबली. दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्या कडांना थांबली. घड्याळवाल्यांबरोबर नाही आणि माझ्याबरोबर थांबते, म्हणजे माझ्यात काहीतरी आहे. पण काय? हात नेहमीचा, चालही नेहमीची.

जरा वेळानं त्यांना स्वतःच्या छातीकडे लक्ष द्यायचं सुचलं. कड जवळ आली की ते श्वास रोखत होते. पाऊल अर्धवट टेकत होतं. बाकीच्या कुत्र्यांच्या वेळी असलं काही होत नसे, त्यांचा निकाल काय लागतो यानं मास्तरांचं काही जाणार नव्हतं. शेंडीच्या वेळी प्रत्येक कडेला त्यांचा जीव टांगणीला लागायचा. थांबेल? न थांबली तर बरं? नको, थांबू दे. आणि शेंडी ते ऐकत होती.

खात्री करायला त्यांनी एक वेडेपणा केला. गुणगुणायला लागले. एकच सूर, न तोडता, बेसूर, म्हणजे श्वास रोखायची सोयच नको. एक बाई भाजीची पिशवी सांभाळत वळून बघत गेली. गुणगुणत कडेशी आले, आणि शेंडी सरळ खाली उतरली. मास्तरांनी तिला वर घेतलं. मग मोकळ्या फूटपाथच्या मधोमध, जिथं कड नाही, खांब नाही, काही नाही, तिथं त्यांनी गुणगुणणं तोडून श्वास रोखला. शेंडी जागच्या जागी थांबली आणि मान वर करून खाऊची वाट बघायला लागली.

म्हणजे रस्ता तिला कधी शिकवलाच गेला नव्हता. तिला शिकवली गेली होती मास्तरांची धाकधूक. असली चूक नवख्यानं केली असती तर मास्तरांनी त्याला महिनाभर पिंजरे धुवायला लावले असते. ते फूटपाथवर खाली बसले आणि शेंडीनं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. इतक्या वर्षांत त्यांच्या श्वासाकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं. झालेली चूक कुणाला सांगायची गरज नव्हती आणि सांगावंसं तर मुळीच वाटत नव्हतं.

दोन दिवस त्यांनी मूग गिळले. तिसऱ्या दिवशी घड्याळवाल्यांकडे गेले. कशाला, तर समजूत घालायला. कुत्रीचा भरवसा नाही, दुसरी बघू, असं काहीबाही मनात जुळवून ठेवलं होतं. घड्याळवाल्यांची खोली अगदी नीटनेटकी होती. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, सगळी चालू. दाराशी खिळा ठोकलेला, पट्टा अडकवायला. खाली जुनी रजई चार घड्या घालून ठेवलेली.

"अंगठ्यावर हातोडी बसली दोनदा," घड्याळवाले म्हणाले. "पण खिळा सरळ आहे ना? बघा बरं."

"सरळ आहे," मास्तर म्हणाले. खिळा वाकडा होता.

"गाडीचं म्हणाल तर घाबरलो मी. खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आधीची गल्ली होती ना, मास्तर? ती मी एकट्यानं चाललो. तुम्ही मागे नव्हता. कुणाचा हात धरला नव्हता. कुणी म्हणत नव्हतं, बाबा जपून, बाबा पायरी, बाबा इकडे." त्यांनी रजईची घडी चाचपून सरळ केली. "मुलगी म्हणते, माझ्याकडे चला. चांगली आहे हो ती. पण तिच्याकडे गेलो की मी तिच्या घरातलं सामान होणार. सकाळी पुसायचं, रात्री झाकायचं. ही कुत्री नाही जमली तर जावंच लागेल. म्हणून म्हणतो, तिच्यावर रागावू नका. तिला थोडं आणखी शिकवता येईल का, तेवढं बघा."

जुळवून आणलेलं सगळं तसंच घेऊन मास्तर उठले. परत येताना त्यांना घड्याळवाल्यांचा राग आला, मग शेंडीचा, आणि संस्थेच्या फाटकाशी पोचेपर्यंत फक्त स्वतःचा उरला. ते तडक मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. "तुमच्या हातून अशी चूक होईल असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं."

"उपाय तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "माझ्या श्वासाची किंमत शून्य करायची."

"फक्त श्वासाची नाही. ती सारखी तुमच्याकडे बघते. तुमच्याकडून तिला काहीच मिळता कामा नये. टिकटिकी, खाऊ, शाबासकी, सगळं घड्याळवाल्यांच्या हातून. दुसऱ्या कुणाला मागे चालवता आलं असतं, पण मग ती तुमची वाटच बघत राहील. तुम्ही समोर असताना तिला कळायला हवं की तुमच्यात काही नाही."

शेवटचं वाक्य मॅडम बोलून गेल्या आणि मग टेबलावरचे कागद उगाचच सारखे करत बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. पुढे घड्याळवाले आणि शेंडी, मागे मास्तर. मास्तर नको तिथं श्वास रोखायचे, शेंडी थांबायची, वळून बघायची, आणि मास्तर तिच्या डोक्यावरून पलीकडच्या दुकानाची पाटी वाचत राहायचे. कडेला पायानं चाचपून घड्याळवाले तिला थांबवायचे, टिक् वाजवायचे, खाऊ द्यायचे. आधी त्यांच्या हातून खाऊ सांडायचा, टिक् उशिरा वाजायचं. पण ज्या माणसानं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्याला वेळ साधायला काय लागतं?

मिळणं बंद झालं की मागणं आधी वाढतं, हे मास्तर दर वर्षी शिकाऊंना फळ्यावर लिहून द्यायचे. आता ते अंगावर आलं. शेंडी चालता चालता मागे वळायला लागली. त्यांच्या तळहाताला नाक लावायला लागली. खाली बसून दाखव, पंजा देऊन दाखव, जे जे कधी येत होतं ते सगळं एकामागून एक करून दाखवलं, आणि तेही चालेना तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहून भुंकली. ती कधी भुंकत नसे. मास्तरांनी हात पाठीमागे बांधून घेतले होते आणि एका हाताची नखं दुसऱ्या हातात रुतवली होती.

एका दुपारी घड्याळवाले बाकावर टेकले असताना शेंडी हळूच मास्तरांच्या पायांशी येऊन बसली. काही मागितलं नाही, नुसती टेकून बसली. मास्तरांचा हात केव्हा खाली गेला आणि तो पडलेला कान त्यांनी केव्हा कुरवाळला, त्यांचं त्यांना कळलं नाही. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ती पूर्वीच्या दुप्पट वळली, तिप्पट कुईकुई करत राहिली. एकदा मिळालं म्हणजे पुन्हा मिळेल.

"काल काही झालं का हो?" घड्याळवाल्यांनी विचारलं. "आज ही सारखी मागे ओढतेय."

"झालं. मी लाड केला."

घड्याळवाल्यांनी चाल मंद केली. "मास्तर, तुम्हालाच ठेवायची होती का ती?"

"नाही," मास्तर म्हणाले. "घरात जागा कुठाय."

त्यानंतर हात खाली गेला नाही. वळणं कमी होत गेलं. मग एके दिवशी कडेशी पोचायच्या आधी मास्तरांनी श्वास रोखला आणि शेंडीचा फक्त उभा कान हलला. चालणं थांबलं नाही. मास्तरांनी त्या दिवशी घरी आल्यावर ताईला फोन लावला. स्वतःहून असा ते कधी लावत नसत.

"काय रे, बरं आहे ना?" ताईनं घाबरून विचारलं.

"बरं आहे. कुत्री छान शिकतेय."

"मग आवाज का असा?"

"शिकतेय ना, म्हणून," मास्तर म्हणाले, आणि ताईला काहीच उलगडलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी त्यांना खऱ्याखुऱ्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून उभं केलं. मास्तर तिथं असणार हे घड्याळवाल्यांना सांगितलेलं नव्हतं. "ती तुमच्यासमोरून जाईल. कड पुढे आहे. तुमच्यापाशी आली की श्वास रोखायचा, पाऊल तसंच टेकवायचं. बोलायचं मात्र काही नाही. इथं थांबली तर बाद." मग हळू आवाजात म्हणाल्या, "खरा रोखा, मास्तर. नाटक नको."

नाटकाची गरजच नव्हती. गंमत अशी होती की प्रामाणिकपणा आणि लोभ, दोन्ही आज त्यांच्याकडून एकच गोष्ट मागत होते. ती दोघं कोपऱ्यावरून वळून येताना दिसली. घड्याळवाल्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, मान ताठ होती. शेंडी फूटपाथच्या मधून नीट चालत होती. ती हाताच्या अंतरावर आली आणि मास्तरांनी श्वास रोखला, बूट अर्धवट टेकवला, जितकं मनापासून कुणाला थांब म्हणता येतं तितकं म्हटलं.

शेंडीनं त्यांच्याकडे बघितलं. ओळखलं नसेल असं नाही, तिच्या नाकाला कोण फसवणार? ओळखलं, आणि त्या ओळखीच्या पदरी आता काही नव्हतं. तिची नजर त्यांच्यावरून शटरवर, शटरवरून पुढच्या खांबावर गेली, आणि ती तशीच चालत राहिली. चार पावलांवर कड होती. तिथं थांबली. टिक् वाजलं.

घड्याळवाले खाऊ देता देता मान तिरकी करून मागे वळले. बुटाचा आवाज त्यांनी ऐकला होता.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. "कोण आहे का तिथं?"

मास्तर शटरला टेकून उभे राहिले. एक शब्द निघाला असता तर महिन्याभराचं सगळं वाया गेलं असतं. कोंडलेला श्वाससुद्धा त्यांनी सोडला नाही.

घड्याळवाल्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांनी खाली वाकून शेंडीची पाठ थोपटली.

"कोणी नाही गं," ते तिला म्हणाले. "चल."